पहाटे साडेचार, गुलटेकडी

‘शांत वाटावं म्हणून तू कुठे जातेस?’ असं कुणी विचारलं, की मी ‘मार्केट यार्डात’ म्हणते. समोरचा आधी हसतो, मग माझ्याकडे जरा काळजीने बघतो.

त्याचंही बरोबर आहे म्हणा. पुण्यात शांततेचे पत्ते ठरलेले आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, फारच हौस असेल तर रविवारी पहाटे सिंहगड. मार्केट यार्ड म्हणजे रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचा कर्कश आवाज, हमालांचं ‘ए बाजू, बाजू!’, पायाखाली कोबीचा पाला आणि नाकात कांदा, गुलाब, डिझेल यांचं मिक्श्चर. इथे कोण कशाला जाईल शांततेसाठी?

मीही ठरवून गेले नव्हते. झोप येत नव्हती म्हणून गेले.

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. मी जिथे नोकरी करत होते तिथलं माझं पान बंद झालं आणि पानाबरोबर मीही. ‘फ्रीलान्सर’ हा शब्द व्हिजिटिंग कार्डावर भारी दिसतो, पण रात्री तीन वाजता तो फारच रिकामा वाटतो. माझी रूममेट हिंजवडीच्या शिफ्टवरून येऊन गाढ झोपलेली असायची आणि मी मोबाईल हातात धरून इतरांची यशस्वी आयुष्यं वर सरकवत बसायचे. आमचा फ्लॅट बिबवेवाडीच्या बाजूला. बाल्कनीतून यार्डाकडे जाणाऱ्या टेम्पोंचे दिवे दिसत. एका रात्री वाटलं, आख्खं गाव झोपलंय आणि ही एवढी माणसं जागी आहेत. जाऊन तर बघू! स्वेटर चढवला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघाले.

बालपणीची पट्टी

माझं आणि मार्केट यार्डाचं नातं तसं जुनं, पण कागदावरचं. आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं. सीताफळाची थोडी बाग, बाकी झेंडू आणि मटार. लहानपणी मार्केट यार्ड म्हणजे माझ्यासाठी एक ‘पट्टी’ होती. टेम्पोवाल्याबरोबर परत येणारा तो पातळ कागद. माल किती, भाव काय, त्यातून अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात काय उरलं, एवढं त्यावर लिहिलेलं असे. अण्णा तो कागद उंबऱ्यात उभं राहून वाचत आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हा भावंडांना कळे, की आज भजी होणार की नाही.

त्या कागदामागची जागा मी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत नीट पाहिलेलीच नव्हती. पुण्यात दहा वर्षं काढली. शिक्षण इथे, नोकरी इथे. यार्डावरून शेकडो वेळा गेले असेन, दरवेळी खिडकीची काच वर करून.

पहिल्या दिवशी मी जे फोटो काढले ते अगदी टिपिकल. धुकं, पिवळे दिवे, डोक्यावर पोतं घेतलेल्या हमालांच्या आकृत्या. एका गाळ्यासमोर मी अँगल शोधत उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘ताई, फोटो काढायचा तर काढा, पण वाटेत उभं नका राहू. डोक्यावर ओझं असलं की थांबता येत नाही.’

आवाजात राग नव्हता. पन्नाशीचे हमालकाका माहिती दिल्यासारखं बोलले आणि पुढे गेले. मी बाजूला झाले. भिंतीला टेकून पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले आणि त्या पंधरा मिनिटांत लक्षात आलं, की आज तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी माझ्या नोकरीचा विचार केलेला नाही.

एक कोपरा, एक झाड

‘स्मोक’ नावाचा १९९५ चा एक सिनेमा आहे. त्यात ब्रुकलिनमधलं एक सिगारेटचं दुकान चालवणारा माणूस रोज सकाळी आठ वाजता दुकानासमोरच्या एकाच चौकाचा फोटो काढतो. वर्षानुवर्षं. बघणाऱ्याला वाटतं सगळे फोटो सारखेच आहेत. तो म्हणतो, हळू बघ, मग कळेल.

मी ती आयडिया सरळ ढापली. नियम दोनच केले. रविवारी पहाटे फुलबाजाराकडच्या एका चहाच्या टपरीशी उभं राहायचं आणि तिथून समोरच्या रस्त्याचा एक फोटो काढायचा. शनिवारी फळं-भाजीपाल्याचा बाजार बंद असतो, त्या दिवशी तळजाईवर जायचं आणि एका ठरलेल्या काटेसावरीचा फोटो काढायचा. बाकी फिरणं, बघणं, चहा पिणं हवं तेवढं. पण ते दोन फोटो चुकवायचे नाहीत.

टेकडी आणि बाजार असं दोन्ही का? तर माझ्या डोक्यात सुरुवातीला अशी वाटणी होती, की निसर्ग टेकडीवर असतो आणि बाजारात धंदा असतो. जपानमध्ये १९८२ साली तिथल्या वनखात्याने ‘शिनरिन-योकू’ हा शब्द काढला. जंगलात शांतपणे ‘न्हाऊन’ येणं असा त्याचा अर्थ. मला वाटलं, शनिवारी न्हाऊन यायचं आणि रविवारी फोटोग्राफी करायची. ही वाटणी पुढे वर्षभरात पार विस्कटली.

सोबतीला एक पुस्तक होतं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याचा निसर्ग त्यात आहे. कॉलेजात विकत घेतलं होतं, वाचलं नव्हतं. (प्रामाणिकपणे हात वर करा, तुमच्याकडेही असं एक पुस्तक आहे.) त्या पुस्तकामुळे मी फोटोंच्या फोल्डरना जानेवारी, फेब्रुवारीऐवजी पौष, माघ अशी नावं दिली. गंमत म्हणून केलं, पण त्याने बघण्यात फरक पडला. पौष म्हटलं की शोधायला लागते, पौषात काय येतं?

पौष ते फाल्गुन

पौषात भोगी येते. यार्डात हरभऱ्याच्या गड्ड्या, पावटा, गाजरं, बोरं यांचे ढीग. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पुरंदरची अंजिरं. आमच्या तालुक्याच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी पूर्वी बातमीत लिहिलं होतं. पण पहाटेच्या थंडीत पाटीवरचं हिरवं पान बाजूला करून खालचं जांभळट फळ दाखवणारा हात मी पहिल्यांदाच पाहिला.

थंडीतला उजेड फोटोवाल्यांसाठी सोन्यासारखा. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे साडेचारला पोचलात तर दोन तास अंधार आणि दिवे, मग अर्धा तास निळा उजेड आणि मग पत्र्यांच्या फटींमधून येणाऱ्या तिरप्या रेषा. शेकोटीभोवती बसलेल्या मावश्या मला ‘ये गं, शेक जरा’ म्हणत आणि ‘लग्न झालं का’ हेही विचारत. पॅकेज डील!

माघ-फाल्गुनात तळजाईवर माझी काटेसावर पानं गाळून लाल फुलांनी भरली. पण त्या दिवसांत टेकडीवर सगळ्यांचे मोबाईल वळलेले असतात ते दुसरीकडे. ग्लिरिसिडिया फुलतो. पानं नाहीत, नुसती फिकट गुलाबी फुलं. ‘पुण्याचा चेरी ब्लॉसम’ म्हणून फोटो फिरतात. मीही टाकला. भरपूर लाइक्स मिळाले.

मग एक दिवस टेकडीवर रोज फिरणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्याच झाडाखाली थांबवलं. ‘वर फुलं बघितलीत, आता खाली बघा,’ म्हणाले. ग्लिरिसिडिया मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. भराभर वाढतो, गुरं-शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या टेकड्या झटपट हिरव्या करायला तो सरसकट लावला गेला. उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव, कारण त्याच्या बिया उंदरांना विषारी. त्याची दाटी झाली की इथल्या गवताला, झुडपांना जागा उरत नाही आणि त्यांच्यावर जगणारे किडे-पक्षीही कमी होतात. मी खाली बघितलं. नुसता पाचोळा. चार पावलांवर माझी काटेसावर होती आणि तिच्यावर मैना, बुलबुल, कोतवाल यांचं संमेलन भरलेलं होतं.

फोटो खोटा नव्हता. पण मी काय बघत होते हे मला माहीत नव्हतं.

वैशाखातला पाऊस

चैत्र-वैशाखात यार्ड आंब्याचं असतं. हापूसच्या पेट्या, इकडेतिकडे उडणारा पेंढा आणि तो वास! कपड्यांना चिकटून घरी येतो. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसते. तळजाईवर गवत वाळून सोनेरी झालेलं, काटेसावरीची बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर.

आणि मग २०२५ च्या पावसाने सगळ्यांचंच वेळापत्रक उधळलं. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी पुण्यात! आपण ऑफिसवाल्यांनी ‘वॉव, लवकर पाऊस’ म्हणून कॉफीच्या मगाचे फोटो टाकले. मीही टाकला असता, पण त्या रविवारी माझ्या टपरीसमोरचा रस्ता वेगळाच होता. चिखल, ताडपत्र्या आणि भिजलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या उलगडून सडलेली पानं काढणारी बाई. आंब्याच्या गाळ्यावर एक व्यापारी म्हणाले, ‘पाऊस पडला की गिऱ्हाईक आंब्याला हात लावत नाही. अजून पंधरा दिवसांचा धंदा होता.’

शनिवारी टेकडीवर मातीत मखमली लाल किडे दिसले. मृगाचे किडे. मृग नक्षत्र लागतं सात-आठ जूनच्या सुमाराला आणि हे बिचारे वैशाखातच हजर! गुडघ्यावर बसून मी त्यांचा फोटो काढला आणि फोल्डरचं नाव काय द्यावं हे कळेना. निसर्ग टेकडीवर आणि धंदा बाजारात, ही माझी वाटणी त्या आठवड्यात संपली. जो पाऊस टेकडीवर लाल किडा बाहेर काढत होता, तोच खाली आंब्याची पेटी अडवत होता.

केशरी ढीग

आता त्या फोटोबद्दल सांगते, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आषाढ-श्रावणात मटार आणि सीताफळं आली. आमच्या गावचा माल ओळखीचा वाटायचा, उगाच. पुढे गणपती, नवरात्र. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याआधी सप्टेंबरात सोलापूर, धाराशिव, बीडकडे पावसाने काय हाहाकार केला ते सगळ्यांनी पाहिलं. फुलबाजारात त्या दिवसांत झेंडूच्या गाड्यांमागून गाड्या येत होत्या. कोरड्या, टणक फुलांना गिऱ्हाईक होतं. भिजलेल्या फुलांकडे कुणी बघत नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी पोचले तेव्हा रस्त्याच्या कडेला फेकून दिलेल्या झेंडूचा ढीग होता. कंबरेएवढा. नुकतंच उजाडत होतं, वर निळं आभाळ, खाली ओला केशरी डोंगर, बाजूला एक पांढरी गाय. काय फ्रेम होती! मी बारा फोटो काढले. त्यातला एक त्या वर्षातला माझा सर्वांत लाडका फोटो ठरला. टाकल्या टाकल्या लाइक्सचा पाऊस. एका ओळखीच्या संपादकांनी ‘वापरू का?’ असं विचारलंसुद्धा.

संध्याकाळी तोच फोटो मी अण्णांना पाठवला. त्यांना व्हॉट्सॲप भावाने शिकवलंय. दहा मिनिटांनी फोन आला.

‘कुणाचा माल होता गं?’

मला प्रश्नच कळला नाही. ‘म्हणजे?’

‘अगं, एवढी फुलं कुणाच्या तरी रानातली असतील की. किती क्रेट असतील ही?’

‘माहीत नाही, अण्णा. पण भिजलेली होती ना. भिजलीत हे दिसत असताना पाठवतात कशाला?’

‘तोडणीची मजुरी दिलेली असती बाई. मग टेम्पोचं भाडं घालायचं आणि नशीब बघायचं. झाडावर ठेवून तर सडणारच.’ थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘फोटो चांगला आलाय.’

मला ती पट्टी आठवली. अण्णांचा उंबऱ्यातला चेहरा आठवला. भजी न झालेल्या संध्याकाळी आठवल्या. मी त्याच घरातली मुलगी आणि माझ्या डोळ्यांना नऊ महिन्यांनंतरही केशरी रंग आणि पांढरी गाय एवढंच दिसलं होतं.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. नियम मोडला. झोप पुन्हा उडाली.

तिसऱ्या रविवारी दिवाळी होऊन गेली होती. कॅमेरा पिशवीतच ठेवून गेले. फुलबाजाराच्या कडेला एक शेतकरीदादा रिकाम्या क्रेटवर बसून हिशेब करत होते. मी विचारलं, ‘कसा गेला माल?’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गिऱ्हाईक नाही हे ओळखलं आणि तरीही सांगितलं. शेवंती बरी गेली. झेंडूत मार खाल्ला. आता गुलछडीवर बघू. बोलता बोलता उजाडलं. निघताना मी विचारलं, ‘फोटो काढू का?’ त्यांनी टोपी नीट केली, हातातली पट्टी खिशात घातली आणि सरळ बसले. तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही. त्यांना मात्र पाठवला.

त्या दिवशी मग हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये झुणका-भाकरी खाल्ली. डॉ. बाबा आढावांनी उभ्या केलेल्या या पंचायतीने १९७० च्या दशकात कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून हे सुरू केलं. शेजारच्या बाकावर एक हमालकाका भाकरी कुस्करत होते. पहिल्या दिवशीचेच की दुसरे, सांगता येणार नाही. तेव्हा मी त्यांचा चेहरा कुठे बघितला होता?

पुन्हा पौष

डिसेंबरात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले. डोळ्यावरची पट्टी निघाली, डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली, तेव्हा एका शनिवारी मी त्यांना तळजाईवर नेलं. काटेसावर पुन्हा निष्पर्ण होत आली होती. अण्णा खोडाचे काटे बघत म्हणाले, ‘आपल्या बांधावर होती एक. तू लहान असताना पडली.’ मला आठवत नव्हती.

घरी येऊन मी त्यांना लॅपटॉपवर दोन्ही फोल्डर दाखवले. एका कोपऱ्याचे सत्तेचाळीस फोटो, एका झाडाचे त्याहून थोडे कमी. भराभर पुढे नेत होते, तर त्यांनी हात धरला. ‘हळू. नवीन डोळा आहे.’

मग ते प्रत्येक फोटोवर थांबले. हा माल कुठला, हा टेम्पो कुणाकडचा, इथे पाऊस झालेला दिसतो, इथे भाव पडलेला असणार कारण एवढ्या उशिरापर्यंत ढीग तसाच आहे. जे मला वर्षभरात थोडं थोडं कळलं होतं ते त्यांना नुसतं बघून वाचता येत होतं. शेवटी म्हणाले, ‘चाळीस वर्षं माल पाठवला इथे. रात्री गाडी गेली की वाटायचं, आता तिथं काय होत असेल. आज बघितलं.’

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. खाली यार्डाकडे टेम्पो चालले होते.

माझी नोकरीची काळजी मिटलेली नाही. अजून फ्रीलान्सच आहे, पेमेंट अजून उशिराच येतं. पण झोप येते. रविवारी पहाटे गजर न लावता जाग येते. आणि आता तिथे गेल्यावर मी आधी कॅमेरा काढत नाही. आधी टपरीवर चहा घेते आणि आज काय आलंय ते बघते.

तुम्हीही जाणार असाल तर...

• रविवारी आवक सर्वांत मोठी आणि गर्दीही. शनिवारी फळं-भाजीपाला विभाग बंद, तो दिवस टेकडीसाठी ठेवा.

• मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरपासून स्वारगेटपर्यंत आली आहे, पण पहाटे ती झोपलेली असते. दुचाकी किंवा रिक्षाच बरी.

• जुने बूट घाला. पांढरे स्नीकर्स घालून आलात तर दोष मला देऊ नका.

• महागडा कॅमेरा लागत नाही, मोबाईल पुरतो. फ्लॅश मात्र बंद ठेवा, ओझं घेऊन चालणाऱ्याच्या डोळ्यांवर तो येतो.

• चेहऱ्याचा फोटो विचारूनच काढा. ‘नको’ म्हटलं तर ‘बरं’ म्हणा.

• एकच जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जा. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल. चौथ्याला जा.

• आणि हो, वाटेत उभं राहू नका.